घरगुती सुतारकाम कार्यशाळेतील धूळ निष्कासन

घरगुती सुतारकाम कार्यशाळेतील धूळ निष्कासन म्हणजे लाकूड कापताना, रंधताना, छिद्र पाडताना किंवा घासताना निर्माण होणारा भुसा, ढलप्या व सूक्ष्म धूळ उगमस्थानीच हवेच्या प्रवाहाने खेचून घेणे, ती हवेपासून वेगळी करणे आणि हवा गाळून बाहेर सोडणे अथवा खोलीत परत आणणे. या कामासाठी व्हॅक्यूम क्लीनर, धूळ संग्राहक, चक्रवाती विभाजक, हवा शुद्धक आणि त्यांना यंत्रांशी जोडणाऱ्या वाहिन्या वापरल्या जातात.

धूळ निष्कासनाचा हेतू स्वच्छतेपुरता मर्यादित नाही. जमिनीवर पडणारा जाड भुसा झाडूनही काढता येतो. आरोग्यास अपायकारक ठरणारी धूळ मात्र डोळ्यांना सहसा न दिसणारी व तासन्‌तास हवेत तरंगणारी असते. त्यामुळे जमीन स्वच्छ दिसते, म्हणून तेथील हवाही स्वच्छ आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. साधनाची निवड करताना मोटारीच्या अश्वशक्तीपेक्षा यंत्रापाशी प्रत्यक्ष मिळणारा हवेचा प्रवाह आणि गाळणीची गुणवत्ता या दोन बाबी निर्णायक ठरतात.

## धुळीचे स्वरूप

लाकडावर काम करताना निघणाऱ्या कणांच्या आकारात मोठी तफावत असते. हातरंध्याने किंवा प्लेनरने मिलिमीटरमध्ये मोजता येणारी सालपटे निघतात, करवतीने भुसा पडतो, तर पॉलिश पेपरने घासताना काही मायक्रॉन आकाराची धूळ मोठ्या प्रमाणात तयार होते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो.

व्यावसायिक आरोग्यशास्त्रात १०० मायक्रॉनपर्यंतचे कण नाका-तोंडावाटे आत जाऊ शकणारे मानले जातात. सुमारे १० मायक्रॉनपेक्षा लहान कण स्वरयंत्राच्या पलीकडे श्वासनलिकांत पोहोचतात आणि सुमारे ४ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात.

कण जितका लहान, तितका तो हवेत जास्त काळ राहतो. पाण्याएवढ्या घनतेचा गोल कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून खाली येतो असे मानले, तर १०० मायक्रॉनच्या कणाला सुमारे ६ सेकंद, १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे ८ मिनिटे आणि १ मायक्रॉनच्या कणाला सुमारे १२ तास लागतात. खोलीतील हवा प्रत्यक्षात कधीच पूर्ण स्थिर नसते. पंखा, माणसांची ये-जा किंवा झाडू यांमुळे खाली बसलेली धूळ पुन्हा वर उडते. म्हणून काम संपल्यावर मुखवटा काढून लगेच झाडलोट करणे हा स्वतःच धूळ श्वासात घेण्याचा एक प्रसंग ठरतो.

## आरोग्यावरील परिणाम

लाकडाच्या धुळीमुळे डोळे व नाक चुरचुरणे, शिंका, सर्दीसारखी लक्षणे, त्वचादाह आणि दमा असे विकार होऊ शकतात. सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे नाकाची पोकळी व तिच्या लगतच्या अस्थिविवरांचा कर्करोग.

हा संबंध विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रथम ठळकपणे पुढे आला. बकिंगहॅमशायर परगण्यातील हाय विकम हे शहर खुर्च्या व फर्निचर बनवण्यासाठी प्रसिद्ध होते. १९६० च्या दशकात तेथील फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या ग्रंथीय कर्करोगाचे प्रमाण असामान्य असल्याचे स्थानिक कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या लक्षात आले. ई. डी. ॲचेसन, आर. एच. काउडेल, एस्मे हॅडफील्ड आणि आर. जी. मॅकबेथ यांचा या विषयावरील अभ्यास १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धुळीशी संपर्क सुरू झाल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत अनेक दशके जात असल्यामुळे हा धोका त्या व्यवसायात दीर्घकाळ अलक्षित राहिला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांमध्ये केला. याचे पुरावे प्रामुख्याने वर्षानुवर्षे दाट धुळीत काम केलेल्या कामगारांच्या अभ्यासांतून आलेले आहेत. आठवड्यातून काही तास काम करणाऱ्या हौशी सुताराचा संपर्क त्या मानाने कमी असतो. तथापि लहान, बंद खोलीत निष्कासनाशिवाय काम केल्यास हवेतील धुळीचे प्रमाण कारखान्यातील मर्यादेपेक्षाही वर जाऊ शकते. शिवाय घरातील कार्यशाळेची धूळ लहान मुले, वृद्ध आणि दमेकरी यांच्यापर्यंतही पोहोचते.

### लाकडाच्या जातीनुसार फरक

काही लाकडांतील नैसर्गिक रसायने विशेष त्रासदायक असतात. उत्तर अमेरिकेतील वेस्टर्न रेड सीडर या वृक्षाच्या लाकडातील प्लिकॅटिक आम्लामुळे दमा होतो, हे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. महाराष्ट्रात फर्निचरसाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडांपैकी सागातील डीऑक्सिलॅपॅकॉल आणि शिसवीच्या कुळातील डालबर्जिओन या संयुगांमुळे संवेदनशील व्यक्तींना संपर्कजन्य त्वचादाह होऊ शकतो. एकदा शरीर एखाद्या लाकडाला संवेदनशील झाले, की नंतर अल्प धुळीनेही लक्षणे उद्भवू शकतात.

नियमांमध्ये ‘कठीण’ व ‘मऊ’ लाकूड असा भेद आढळतो. तो वनस्पतिशास्त्रीय आहे, प्रत्यक्ष कठीणपणावर आधारलेला नाही. साग, शिसव, आंबा, बाभूळ यांसारख्या रुंदपर्णी वृक्षांचे लाकूड कठीण वर्गात, तर देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड मऊ वर्गात येते. अतिशय हलके बाल्साचे लाकूडही या व्याख्येने कठीण वर्गातील ठरते. प्लायवुड आणि एमडीएफ यांच्या धुळीत लाकडासोबत चिकटवण्यासाठी वापरलेल्या राळेचे कणही असतात. ही राळ बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड प्रकारची असते. एमडीएफ आधीच बारीक तंतूंपासून बनलेले असल्यामुळे ते कापताना विशेष सूक्ष्म धूळ निघते.

### संपर्काच्या मर्यादा

कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीने हवेत किती लाकूडधूळ चालेल, याच्या मर्यादा विविध देशांनी ठरवल्या आहेत. ब्रिटनमध्ये कठीण लाकडासाठी ही मर्यादा दर घनमीटरला ५ मिलिग्रॅम होती. २०२० मध्ये ती ३ मिलिग्रॅम करण्यात आली. मऊ लाकडासाठी ती ५ मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघात कठीण लाकडासाठी जानेवारी २०२३ पासून २ मिलिग्रॅमची मर्यादा लागू झाली. अमेरिकेतील शासकीय औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने बहुतेक लाकडांसाठी १ मिलिग्रॅम आणि वेस्टर्न रेड सीडरसाठी ०.५ मिलिग्रॅम अशी शिफारस केली आहे.

हे आकडे किती लहान आहेत, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होते. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. दर घनमीटरला ३ मिलिग्रॅम ही पातळी गाठण्यासाठी त्या खोलीत १०८ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या सुमारे दहाव्या भागाइतकी धूळ तरंगत असणे पुरेसे असते.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये कारखान्यातील धूळ उगमाजवळच खेचून घेण्याची तरतूद करण्यात आली. घरातील हौशी कार्यशाळा अशा तरतुदींच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे तेथील सुरक्षिततेची जबाबदारी काम करणाऱ्यावरच राहते.

## कार्यतत्त्व

### प्रवाह आणि दाब

निष्कासन साधनाची क्षमता दोन राशींनी व्यक्त होते. ठरावीक वेळेत किती हवा हलते, तो प्रवाह होय. तो घनमीटर प्रतितास किंवा घनफूट प्रतिमिनिट या एककांत देतात. १,००० घनफूट प्रतिमिनिट म्हणजे सुमारे १,७०० घनमीटर प्रतितास. वाहिन्या, वळणे व गाळणी यांचा अवरोध ओलांडून हवा खेचण्याची क्षमता स्थिर दाबाने दर्शवली जाते.

वर्कशॉप व्हॅक्यूम क्लीनरमध्ये दाब जास्त, सुमारे २० किलोपास्कल किंवा त्याहून अधिक असतो. मात्र त्याचा प्रवाह साधारण २०० घनमीटर प्रतितास इतकाच असतो. मोठ्या पंख्याच्या धूळ संग्राहकात स्थिती नेमकी उलट असते. त्याचा दाब २ ते ३ किलोपास्कलच्या आसपास, पण प्रवाह हजार घनमीटरच्या पुढे असतो. अरुंद नळी आणि लहान तोंड असलेल्या हातयंत्रांना पहिला प्रकार उपयुक्त ठरतो, तर मोठी पोकळी व रुंद तोंड असलेल्या स्थिर यंत्रांना दुसरा. संग्राहकाला अरुंद नळी जोडली, तर कमी दाबामुळे त्याचा प्रवाह एकदम घटतो. व्हॅक्यूम टेबल सॉला जोडला, तर काही भुसा ओढला जातो, पण सूक्ष्म धूळ निसटते. खरेदीतील सर्वसाधारण चूक हा भेद न ओळखल्यामुळे होते.

उत्पादकांनी जाहीर केलेला प्रवाह बहुधा वाहिनी व गाळणी न जोडता, मोकळ्या तोंडाशी मोजलेला असतो. प्रत्यक्ष जोडणीनंतर तो लक्षणीयरीत्या कमी भरतो. वेगवेगळ्या अवरोधांना मिळणारा प्रवाह दाखवणारा पंख्याचा आलेख उपलब्ध असेल, तर तोच तुलनेसाठी विश्वासार्ह मानावा लागतो.

### वाहिनीतील वेग

भुसा वाहिनीत न साचता वाहत राहावा यासाठी हवेचा वेग सुमारे २० मीटर प्रतिसेकंद असावा, असा औद्योगिक वायुवीजनातील प्रचलित संकेत आहे. त्यानुसार वेगवेगळ्या व्यासांना लागणारा प्रवाह पुढीलप्रमाणे येतो.

| वाहिनीचा आतील व्यास | प्रवाह, घनमीटर प्रतितास | प्रवाह, घनफूट प्रतिमिनिट |
|---|---|---|
| १०० मिलिमीटर | सुमारे ५६५ | सुमारे ३३० |
| १२५ मिलिमीटर | सुमारे ८८५ | सुमारे ५२० |
| १५० मिलिमीटर | सुमारे १,२७० | सुमारे ७५० |
| २०० मिलिमीटर | सुमारे २,२६० | सुमारे १,३३० |

एकच प्रवाह १०० ऐवजी १५० मिलिमीटरच्या वाहिनीतून नेल्यास घर्षणामुळे होणारी दाबहानी सुमारे साडेसातपटीने कमी होते. म्हणून पंखा बदलण्याआधी वाहिनी रुंद करणे पुष्कळदा स्वस्त व अधिक परिणामकारक ठरते. मात्र लहान पंख्याला अतिरुंद वाहिनी जोडली, तर वेग घटून भुसा खाली बसतो. विशेषतः उभ्या भागात तो वर चढत नाही.

### उगमापाशी पकड

चोषण तोंडापासून दूर गेल्यावर हवेचा वेग फार झपाट्याने कमी होतो. उघड्या नळीच्या तोंडापासून एका व्यासाइतक्या अंतरावर तो तोंडाशी असलेल्या वेगाच्या साधारण दहाव्या भागावर येतो. याउलट करवतीचे पाते किंवा राऊटरचे टोक धूळ मोठ्या वेगाने दूर फेकते. त्यामुळे यंत्राचे कापणारे टोक शक्य तितके वेढणारे हूड नसेल, तर शक्तिशाली पंखाही अपुरा पडतो.

जाड भुसा ओढण्यास स्थिर यंत्रापाशी सुमारे ६०० घनमीटर प्रतितास प्रवाह चालू शकतो. सूक्ष्म धूळही पकडायची असल्यास १,३०० ते १,७०० घनमीटर प्रतितास प्रवाहाची शिफारस हौशी सुतारांसाठीच्या मार्गदर्शनात सामान्यतः केली जाते.

## साधनांचे प्रकार

### वर्कशॉप व्हॅक्यूम क्लीनर

सँडर, राऊटर, जिगसॉ, हातातील चक्राकार करवत आणि ट्रॅक सॉ यांसाठी हे साधन योग्य असते. युरोपीय मानकानुसार अशा साधनांचे एल, एम आणि एच असे तीन वर्ग आहेत. त्यांतून निसटणाऱ्या धुळीचे कमाल प्रमाण अनुक्रमे १ टक्का, ०.१ टक्का आणि ०.००५ टक्के असते. लाकडाच्या धुळीसाठी ब्रिटन व जर्मनीत किमान एम वर्गाची शिफारस केली जाते. या वर्गातील साधनात प्रवाह फार कमी झाल्यास इशारा देणारी सोय असते. घरातील साधा व्हॅक्यूम वापरल्यास त्याची गाळणी लवकर तुंबते आणि सूक्ष्म धूळ निकासावाटे खोलीत परत येते.

### एकटप्पी धूळ संग्राहक

यात भुसा व हवा थेट पात्यांच्या चक्रातून जातात. जड भाग खालच्या पिशवीत पडतो आणि हवा वरच्या पिशवीतून किंवा घड्यांच्या गाळणीतून बाहेर येते. किंमत कमी व रचना सोपी असल्यामुळे घरगुती कार्यशाळेत हा प्रकार बराच आढळतो. स्वस्त नमुन्यांतील कापडी पिशवी ३० मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवते. तिच्यातून निसटणारी धूळ नेमकी श्वसनास घातक आकाराची असते. अशा वेळी संग्राहक भुसा गोळा करतो आणि सूक्ष्म धूळ खोलीभर पसरवतो. लाकडाचा तुकडा किंवा खिळा चक्रावर आदळून नुकसान होण्याची शक्यताही असते.

### चक्रवाती विभाजक

हवा शंकूच्या आकाराच्या पात्रात स्पर्शरेषेने शिरून गोल फिरते. अपकेंद्री परिणामाने जड कण भिंतीकडे ढकलले जाऊन खालच्या पिंपात पडतात आणि बरीचशी स्वच्छ झालेली हवा मधल्या नळीतून वर जाते. लाकूड गिरण्यांत ही रचना दीर्घकाळ वापरात आहे. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांना पिशवीविरहित व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सॉ मिलवरील अशाच चक्रवाती विभाजकावरून सुचली होती.

चक्रवाती विभाजकामुळे गाळणी स्वच्छ राहते व प्रवाह टिकून राहतो, हा त्याचा मुख्य लाभ आहे. अतिसूक्ष्म कण त्यातूनही पुढे जात असल्यामुळे त्यानंतर चांगली गाळणी आवश्यकच असते. पिंपाच्या झाकणातून हवा गळत असेल, तर खाली पडलेली धूळ पुन्हा वर खेचली जाते आणि विभाजन जवळपास थांबते. व्हॅक्यूमच्या आधी बसवता येणारे लहान प्लास्टिकचे विभाजकही मिळतात.

### हवा शुद्धक

छताला टांगलेला हवा शुद्धक खोलीतील तरंगती धूळ हळूहळू कमी करतो. उगमापाशी निसटलेली धूळ तो यंत्र चालवणाऱ्याच्या नाकापाशी पोहोचण्याआधी पकडू शकत नाही. त्यामुळे तो निष्कासनाला पूरक आहे, पर्याय नाही.

## गाळणी

गाळणीची निवड मायक्रॉनच्या एका आकड्यावरून करणे अपुरे असते. ‘१ मायक्रॉन’ असे लिहिलेली गाळणी त्या आकाराचे किती टक्के कण अडवते, हेही सांगितलेले असावे लागते. अमेरिकी व्याख्येनुसार हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवते.

कापडी गाळणीवर धुळीचा थर बसला की ती अधिक बारीक कण अडवू लागते. मात्र तिचा अवरोध वाढून प्रवाह घटतो. घड्यांच्या गाळणीचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे ही अडचण उशिरा येते. तिच्या घड्यांत अडकलेली धूळ हाताच्या दांड्याने किंवा हलक्या झटक्यांनी पाडावी लागते. जोराची दाबयुक्त हवा मारल्यास गाळणीचे माध्यम फाटू शकते.

हवा थेट घराबाहेर सोडल्यास गाळणीचा प्रश्न बराच सुटतो. पण १,००० घनमीटर प्रतितास प्रवाह ३६ घनमीटरच्या खोलीतील हवा तासाला सुमारे २८ वेळा बाहेर टाकतो. तेवढीच हवा आत येण्यास मार्ग हवा. तो नसल्यास निष्कासन मंदावते. शेजारच्या न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर त्याच्या धुराड्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड आत खेचला जाण्याचा धोकाही उद्भवतो. दाट वस्तीत धूळ शेजाऱ्यांकडे जाणार नाही, हेही पाहावे लागते.

## वाहिन्या

वाहिन्यांची आखणी करताना लांबी व वळणे कमीत कमी ठेवतात. काटकोनी वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वळणे आणि ‘टी’ जोडाऐवजी तिरका ‘वाय’ जोड वापरतात. आतून वळ्या असलेल्या लवचीक नळीचा अवरोध तेवढ्याच लांबीच्या गुळगुळीत नळापेक्षा दोन ते तीन पट असतो. म्हणून ती केवळ यंत्राजवळ आवश्यक तेवढीच ठेवली जाते. प्रत्येक शाखेवर सरकती झडप बसवून वापरात असलेले एकच यंत्र खुले ठेवल्यास लहान पंखाही पुरतो.

भारतात सांडपाण्यासाठी मिळणारे पीव्हीसी नळ या कामासाठी वापरता येतात. त्यांचे ११० व १६० मिलिमीटर हे प्रचलित आकार बाहेरील व्यासाचे असतात. १०० किंवा १५० मिलिमीटर तोंडाच्या यंत्रांना ते थेट बसत नसल्याने जोडतुकडे करून घ्यावे लागतात. अनेक यंत्रांवरील धूळ निकासाचे तोंडच अरुंद असते. तेथे १५० मिलिमीटरचा नळ आणूनही उपयोग होत नाही. यंत्राचे तोंड रुंद करणे किंवा दुसरे हूड जोडणे हा त्यावरील उपाय आहे.

## यंत्रानुसार गरज

* टेबल सॉ : पात्याखालील पेटी आणि पात्यावरील संरक्षक टोप अशा दोन्ही ठिकाणी चोषण लागते. केवळ खालून जोडल्यास वरच्या बाजूने उडणारी धूळ थेट चालकाकडे येते.
* प्लेनर व थिकनेसर : सालपटांचे आकारमान प्रचंड असते. प्रवाह कमी पडल्यास तोंड लगेच तुंबते. चक्रवाती विभाजक व मोठे पिंप येथे सर्वाधिक उपयोगी पडते.
* बँडसॉ : पाते टेबलाखाली जेथे जाते, त्याच्या अगदी जवळ चोषण हवे. खालच्या चाकाच्या पेटीला एक जोड बहुधा अपुरा ठरतो.
* सँडर : धुळीचे वजन कमी, पण सूक्ष्मता सर्वाधिक. छिद्रांची तबकडी किंवा जाळीदार पॉलिश पेपर आणि एम वर्गाचा व्हॅक्यूम ही जोडी परिणामकारक असते.
* लेथ : ढलप्या सर्व दिशांना उडतात व हूड बसवणे कठीण असते. घासताना मोठे हूड जवळ आणणे आणि मुखवटा वापरणे आवश्यक ठरते.
* हातयंत्रे : फ्लॅटमध्ये बसून प्लायवुड कापणाऱ्या हातातील कटरला पुष्कळदा धूळ निकासाची सोय नसते. अशी सोय असलेले यंत्र निवडणे किंवा कापणी मोकळ्या हवेत करणे हेच उपाय उरतात.

## निवडीची पद्धत

निवडीचा आरंभ कामाच्या स्वरूपापासून होतो. धूळ निर्माणच न करणे हा पहिला उपाय आहे. तीक्ष्ण हातरंध्याने किंवा स्क्रेपरने पृष्ठभाग साफ केल्यास घासण्याचे काम व त्यासोबत सूक्ष्म धूळही घटते. एमडीएफचे तक्ते दुकानातच मापाने कापून घेणे हाही याच प्रकारचा उपाय आहे.

त्यानंतर पुढील तीन पातळ्यांपैकी योग्य ती निवडली जाते.

1. सदनिकेची बाल्कनी किंवा लहान खोली, फक्त हातयंत्रे : एम वर्गाचा व्हॅक्यूम, त्याआधी लहान चक्रवाती विभाजक आणि प्रत्येक यंत्राला बसणारी जोडतोंडे. येथे मोठा संग्राहक घेतल्यास जागा व खर्च वाया जातो.
2. एक खोली, एक-दोन स्थिर यंत्रे : दीड ते दोन अश्वशक्तीचा, सूक्ष्म गाळणीचा फिरता संग्राहक. तो आखूड व रुंद नळीने एका वेळी एकाच यंत्राला जोडतात. हातयंत्रांसाठी स्वतंत्र व्हॅक्यूम ठेवतात.
3. कायमस्वरूपी कार्यशाळा, अनेक यंत्रे : तीन अश्वशक्ती किंवा अधिक क्षमतेचा चक्रवाती संग्राहक, १५० मिलिमीटरची मुख्य वाहिनी, सरकत्या झडपा आणि उत्तम गाळणी किंवा बाहेर निकास.

अंदाजपत्रक मर्यादित असल्यास मोठ्या मोटारीपेक्षा चांगली गाळणी, रुंद वाहिनी, सुधारित हूड आणि योग्य मुखवटा यांवरील खर्चाला अग्रक्रम दिला जातो. साधन घेतल्यावर त्याचा परिणाम तपासता येतो. अंधाऱ्या खोलीत प्रखर प्रकाशाचा झोत कामाच्या जागेवरून आडवा सोडल्यास, टिंडल परिणामामुळे एरवी न दिसणारी धूळ चमकते व ती कोठून निसटते ते कळते. स्वस्त कणमापकांचे आकडे अचूक नसले, तरी काम सुरू होण्यापूर्वी व नंतरची तुलना करण्यास ते उपयोगी असतात.

## भारतातील वीजपुरवठा

उत्तर अमेरिकेतील वीजपुरवठा ६० हर्ट्झचा, तर भारतातील ५० हर्ट्झचा आहे. तेथे मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे घेणारी दोन-ध्रुवी प्रेरण मोटार भारतात सुमारे २,८५० फेरे घेते. पंख्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे तोच पंखा भारतात सुमारे ८३ टक्के प्रवाह व ६९ टक्के दाब देतो. अमेरिकी माहितीपत्रकातील आकडे किंवा तेथील आराखड्यांवरून घरी बनवलेल्या पंख्याचे माप ठरवताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

दोन अश्वशक्तीची मोटार २३० व्होल्टवर साधारण ९ ते १० अँपिअर विद्युतप्रवाह घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. संग्राहक व करवत एकाच १६ अँपिअरच्या मंडलावर एकत्र चालवणे योग्य नसते. दोन्हींसाठी स्वतंत्र मंडल, मोटारीस साजेसा एमसीबी आणि खात्रीशीर अर्थिंग असणे आवश्यक आहे.

## आग आणि स्फोट

हवेत दाट पसरलेली कोरडी लाकूडधूळ ठिणगीने स्फोट पावू शकते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बर्न्स लेक येथील सॉ मिलमध्ये २० जानेवारी २०१२ रोजी आणि प्रिन्स जॉर्ज येथील सॉ मिलमध्ये २३ एप्रिल २०१२ रोजी झालेल्या धूळस्फोटांत प्रत्येकी दोन कामगार मृत्युमुखी पडले. इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील बॉस्ली येथे लाकडाचे पीठ बनवणाऱ्या गिरणीत १७ जुलै २०१५ रोजी झालेल्या स्फोटात चार जणांचा मृत्यू झाला.

स्फोटासाठी दर घनमीटरला साधारण ४० ग्रॅम किंवा अधिक धूळ लागते. हे प्रमाण आरोग्यविषयक मर्यादेच्या दहा हजार पटींहून जास्त आहे. घरगुती कार्यशाळेत ते सहसा गाठले जात नाही. तेथे खरा धोका पिंपात धुमसत राहणाऱ्या आगीचा असतो. जुन्या लाकडातील खिळ्यावर पाते आदळून उडालेली ठिणगी वाहिनीतून भुशात जाऊ शकते. म्हणून धातू घासणारा ग्राइंडर लाकडाच्या संग्राहकाला जोडत नाहीत. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, त्यामुळे त्या भुशाच्या पिंपात टाकत नाहीत. प्लास्टिकच्या वाहिनीवर साचणाऱ्या स्थितिक विजेमुळे झटका बसतो. तो टाळण्यासाठी तांब्याची तार गुंडाळून ती भूसंपर्कित केली जाते.

## मुखवटा आणि देखभाल

उत्तम निष्कासन असूनही काही धूळ निसटतेच. ब्रिटनमधील मार्गदर्शनानुसार लाकडाच्या धुळीसाठी एफएफपी३ दर्जाचा मुखवटा सुचवला जातो. एन९५ मुखवटा किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो, मात्र तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असल्यास कडेने हवा गळते. रुमाल किंवा साधे कापड सूक्ष्म धूळ रोखत नाही. काम संपल्यावरही निष्कासन काही काळ सुरू ठेवणे व तोवर मुखवटा न काढणे हितावह असते.

पिंप दोन-तृतीयांश भरण्यापूर्वी रिकामे करणे, जोडांतील गळती बंद करणे आणि गाळणी साफ करणे ही नियमित कामे होत. पिंप किंवा पिशवी रिकामी करतानाच सर्वाधिक धूळ उडते, त्यामुळे ते काम मुखवटा घालून व घराबाहेर केले जाते. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात ओला भुसा पिशवीत राहिल्यास त्याला बुरशी लागते. जमीन व फळ्या झाडण्याऐवजी व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने साफ केल्या जातात. कामाचे कपडे घरात झटकत नाहीत. दाबयुक्त हवेने कपडे व यंत्रे साफ करणे टाळले जाते, कारण त्यामुळे खाली बसलेली धूळ पुन्हा श्वासाच्या पातळीवर येते.

## हेही पहा

* सुतारकाम
* व्यावसायिक आरोग्य
* हवेचे प्रदूषण
* व्हॅक्यूम क्लीनर
* अपकेंद्री बल